पोलरायझर अर्धाच फिरवावा

माझ्यासमोर लाइट टेबलावर तीन स्लाइड, म्हणजे पारदर्शक फिल्मवरची रंगीत छायाचित्रे, ओळीने मांडलेल्या आहेत. तिन्हींत तोच डोंगर आहे, खाली तीच देवदारांची रांग आहे, त्याहून खाली सफरचंदाच्या बागेतली तीच निष्पर्ण झाडे आहेत, आणि तिन्ही चार-पाच मिनिटांच्या आत घेतलेल्या आहेत. तरीही पाहणाऱ्याला त्या तीन वेगवेगळ्या दिवसांच्या वाटाव्यात, इतका त्यांच्यात फरक आहे. पहिल्या स्लाइडच्या वेळी भिंगावर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा आणि आकाश गडद करणारा फिरता फिल्टर, नव्हता, दुसऱ्या वेळी तो पूर्ण परिणाम दिसेपर्यंत फिरवलेला होता, आणि तिसऱ्या वेळी त्याच्या निम्म्यावर आणून थांबवला होता. बर्फाच्या डोंगरांचे रंगीत फिल्मवर छायाचित्रण करताना पोलरायझर कसा वापरावा, याविषयी मला जे सांगायचे आहे ते सगळे या तीन चौकोनांत सामावलेले आहे. मात्र ते नीट कळण्यासाठी थोडे मागून सुरू करावे लागेल, कारण मी बर्फापर्यंत पोहोचले ती काळ्या मातीतून.

मी परभणीची. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि सुट्ट्यांमध्ये फिल्मवर फोटो काढते. कॅमेरा जुना, दुसऱ्या हाताने घेतलेला निकॉन एफएम२ आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक असून त्यातले दोन छोटे सेल केवळ उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी असतात. तो वापरायला मला शिकवले ते आमच्या गल्लीच्या टोकाला ज्यांचा स्टुडिओ होता त्या काकांनी. काकांनी उभे आयुष्य लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढण्यात घालवले असले, तरी उजेडाची त्यांची जाण विलक्षण होती. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला शहराबाहेर एका नांगरून ठेवलेल्या शेतात नेले, कॅमेरा फक्त मातीवर रोखायला लावला आणि मीटर दाखवेल तसाच फोटो घ्यायला सांगितला. रोल धुऊन आला तेव्हा ती काळीभोर जमीन निगेटिव्हवरून छापलेल्या प्रिंटमध्ये धुळकट, राखेसारखी करडी दिसत होती. काका म्हणाले, “पोरी, मीटरला काळं-पांढरं कळत न्हाई. त्याला समदं करडंच दिसतंय. काळं हाय हे तू सांगायचं त्याला.”

या एका वाक्यावर मी पुढे बर्फाचे सारे गणित मांडले. कॅमेऱ्यातले परावर्तित प्रकाशाचे मीटर समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करडी आहे, म्हणजे अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारी आहे, असे धरून चालते. काळी जमीन याहून कितीतरी कमी प्रकाश परत पाठवते. म्हणून मीटर जास्त उजेड द्यायला सांगते आणि काळ्याचे करडे होते. ताजा बर्फ सुमारे ९० टक्के प्रकाश परत पाठवतो, म्हणजे त्या मध्यम करड्याच्या पाचपट. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, तेव्हा पाचपट म्हणजे दोन स्टॉपपेक्षा थोडे जास्त. बर्फावर मीटर रोखले आणि ते म्हणेल ते ऐकले, तर पांढऱ्याचेही तेच होते जे काळ्याचे झाले होते. आमच्या मातीत जिथे स्टॉप कमी करावा लागतो, तिथे हिमालयात तो वाढवावा लागतो. चूक एकच, दिशा फक्त उलटी.

इथे एक घोटाळा नवख्यांना हमखास छळतो आणि मलाही त्याने बरेच छळले. भर उन्हासाठी जो जुना नियम आहे, भिंगाचे छिद्र एफ/१६ ला (आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक) आणि शटरचा वेग फिल्मच्या गतीइतका (१०० च्या फिल्मला सुमारे १/१०० सेकंद), त्यात बर्फासाठी एक स्टॉप कमी करून एफ/२२ वापरा असे सांगितले जाते; आणि मीटर वापरणाऱ्याला मात्र बर्फासाठी दीड ते दोन स्टॉप वाढवा असे सांगितले जाते. एक कमी करायला सांगतो, दुसरा वाढवायला, मग खरे कोणाचे? दोघांचेही. एफ/१६ चा नियम आकाशातून येणाऱ्या उन्हाचा आहे, त्यात समोरच्या वस्तूचा रंग धरलेलाच नसतो. मीटरने मात्र बर्फाला करडे समजून छिद्र आधीच दोन स्टॉपपेक्षा जास्त बारीक करून ठेवलेले असते, एफ/३२ च्याही पलीकडे. तिथून दीड-दोन स्टॉप उघडले की आपण पुन्हा एफ/२२ च्या आसपासच येऊन उभे राहतो. हे गणित मी एका संध्याकाळी वहीत मांडून पाहिले आणि दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात हे दिसल्यावर माझ्या मनातली धास्ती गेली.

आता पोलरायझर. १८०८ साली एतिएन-लुई माल्यूस या फ्रेंच अभियंत्याने पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारे मावळतीचे ऊन एका कॅल्साइट स्फटिकातून पाहिले आणि स्फटिक फिरवताच प्रतिमा कमी-जास्त उजळ होते हे त्याच्या लक्षात आले. परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणाचा, म्हणजे त्याच्या लहरींची कंपने एकाच दिशेत येण्याचा, अभ्यास तिथून सुरू झाला. स्फटिकाऐवजी प्लास्टिकच्या साध्या पातळ पत्र्यातून हे काम करता येईल असा पदार्थ एडविन लँड यांनी १९२९ च्या सुमारास तयार केला, आणि आज आपण भिंगावर चढवतो ती फिरती चकती त्यातूनच आली. वर्गात मी हे दरवर्षी शिकवते. पण त्याचा अर्थ मला खऱ्या अर्थाने उमगला तो येलदरीच्या धरणाच्या काठावर, पाण्यावरची चकाकी बोटाच्या एका हालचालीसरशी विरून तळातले दगड वर आले तेव्हा.

आकाशाचे निळेपण हवेच्या रेणूंमुळे प्रकाश विखुरला गेल्याने येते. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दाखवले की हे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा नऊपटीहून जास्त विखुरतो. याच विखुरण्यात प्रकाशाचे ध्रुवणही होते, आणि ते सूर्यापासून बरोबर ९० अंशांवर सर्वांत जास्त असते. पोलरायझर नेमका हाच प्रकाश अडवतो, म्हणून तिथले आकाश गडद होते. सूर्याच्या अगदी जवळ किंवा सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला कॅमेरा धरला तर चकती कितीही फिरवा, आकाश ढिम्म हलत नाही.

मात्र हे सगळे हवा स्वच्छ असली तरच. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात आकाश निळे नसतेच, पांढुरके असते, कारण हवेतली धूळ रेणूंच्या मानाने फार मोठी असते आणि मोठ्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशाचे ध्रुवण फारच थोडे होते. उन्हाळ्यात मी देवगिरीच्या किल्ल्याचे फोटो पोलरायझर लावून आणि न लावता असे दोन्ही घेतले, आणि दोन्हींतले आकाश जवळजवळ सारखेच निघाले. पाऊस संपून धूळ बसल्यावर, ऑक्टोबरमध्ये, तिथेच उभे राहून तोच प्रयोग केला तेव्हा पोलरायझरच्या फोटोत किल्ल्यामागचे आकाश निळेशार उतरले. मराठवाड्यात पोलरायझर शिकायचा असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर हेच दिवस खरे, असे माझे ठाम मत आहे. अडचण एवढीच की इथे शिकलेली सवय तीन हजार मीटर उंचीवर जशीच्या तशी चालत नाही.

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझा मोठा भाऊ हिमाचल प्रदेशात किन्नौरमधल्या कल्प्याला गेलो. परभणीहून सचखंड एक्स्प्रेसने थेट अंबाला, तिथून काल्का, सिमला, मग सतलजच्या काठाकाठाने बसने रेकाँग पिओ आणि शेवटी वर कल्पा. दिल्लीला न उतरता अंबाल्यापर्यंत त्याच गाडीत बसून राहण्याचे कारण फिल्म हेच होते. विमानतळांवर आता सामान तपासायला जी सीटी स्कॅनर यंत्रे येत आहेत ती न धुतलेल्या फिल्मवर धुरकटपणा आणतात, आणि रोलची पिशवी यंत्रातून न घालता हाताने तपासा अशी विनवणी प्रत्येक ठिकाणी करत बसण्यापेक्षा रेल्वेचे दोन दिवस मला सुखाचे वाटतात. पिशवीत एक्टार १०० चे तीन रोल होते आणि एक्टाक्रोम ई१०० चे दोन. पहिली रंगीत निगेटिव्ह, दुसरी स्लाइड, आणि दोघींचा स्वभाव अगदी निराळा. निगेटिव्हला दोन-तीन स्टॉप जास्त उजेड मिळाला तरी ती पोटात घेते, कमी मिळालेला मात्र तिला सोसत नाही. एक्टारच्या बाबतीत तर कमी उजेडातल्या सावल्या निळ्या पडतात. स्लाइडचे याच्या उलट आहे. तिथे जास्त उजेड म्हणजे बर्फाच्या जागी नुसती कोरी, पारदर्शक फिल्म, आणि जे एकदा तिथे उमटलेच नाही ते कोणत्याही यंत्राला परत आणता येत नाही. चूक अर्ध्या स्टॉपच्या आतच राहिली पाहिजे.

कल्पा सुमारे २,९६० मीटर उंचीवर आहे. गावासमोर सतलजची खोल दरी आहे आणि दरीपलीकडे किन्नौर कैलासाची रांग उभी आहे. ६,०५० मीटरचे किन्नौर कैलास शिखर आणि त्याच रांगेतले ६,४७३ मीटरचे जोरकंडेन, अंगणातून पाहावे इतके समोर. वेरूळच्या कैलास लेण्यावर एके काळी पांढरा गिलावा होता आणि हिमाच्छादित कैलासाचा भास व्हावा म्हणून तो दिलेला होता, असे लहानपणापासून ऐकले होते. त्या काळ्या कातळावर पांढरे कसे दिसले असेल याची कल्पना मला पहिल्या सकाळी त्या अंगणात उभे राहिल्यावर आली.

पण पहिली सकाळ छायाचित्राच्या दृष्टीने वाया गेली आणि ती जाणारच होती. रांग गावाच्या पूर्वेला, किंचित आग्नेयेकडे आहे. सकाळी सूर्य तिच्या मागून उगवतो, तेव्हा आपल्याला दिसणारी बाजू सावलीत असते आणि कॅमेरा थेट सूर्याकडे रोखलेला असतो. संध्याकाळी याच्या उलट घडते: सूर्य आपल्या पाठीशी, डोंगर समोरून उजळलेला, रंग अतिशय सुंदर, पण बर्फावरचा एकही चढउतार कळत नाही आणि पोलरायझर निरुपयोगी. मधली वेळ कोणती हे शोधायला मी एक जुनी युक्ती वापरते. उजव्या हाताची तर्जनी सूर्याकडे रोखायची, अंगठा तिच्याशी काटकोनात धरायचा, आणि तर्जनी हलू न देता मनगट फिरवायचे. अंगठा आकाशात ज्या ज्या दिशांना जाईल त्या त्या दिशांना ध्रुवण सर्वांत जास्त असते. दुपारी बाराला अंगठा शिखराच्या बराच डावीकडे पडत होता. एक वाजता जवळ आला. दोनच्या सुमारास तो बरोबर किन्नौर कैलासावर आला. त्या वेळी सूर्य नैर्ऋत्येकडे कललेला होता आणि ऊन डोंगरावर तिरके पडत होते. ज्या कोनात पोलरायझरचे काम सर्वांत चांगले होते, त्याच कोनात बर्फाच्या अंगावरच्या घड्या, कडे आणि वाऱ्याने पाडलेल्या लाटा उठून दिसतात, कारण दोन्हींना बाजूचेच ऊन हवे असते. डोंगरांत काम करणाऱ्यासाठी हे निसर्गाचे मोठेच देणे आहे.

आता त्या तीन स्लाइडकडे येते. वहीतली नोंद अशी आहे: फ्रेम ११, पोलरायझर नाही, १/२५०, एफ/११ आणि एफ/१६ च्या मधोमध. फ्रेम १२ आणि १३, पोलरायझर, १/६०, छिद्र तेच. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो. माझा पुरते दोन खातो हे मी घरी एका पांढऱ्या भिंतीवर मोजून ठेवले होते. म्हणून शटर दोन पायऱ्यांनी हळू केले आणि कॅमेरा तिकाटण्यावर होता.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की फ्रेम १२ आणि १३ मध्ये चकती वेगवेगळ्या जागी असूनही उजेडाचे आकडे एकच आहेत. चकती फिरवताना आकाश गडद होत जाते, मीटरला एकूण प्रकाश कमी झालेला दिसतो आणि ते जास्त उजेड मागू लागते. ते ऐकले की बर्फ जळतो. बर्फावरून येणारा बहुतेक प्रकाश सगळीकडे विखुरलेला, ध्रुवण न झालेला असतो. चकती कशीही फिरवली तरी त्यातला जवळजवळ तेवढाच भाग आत येतो. तेव्हा पोलरायझर लावून बर्फाचा उजेड एकदा ठरवावा आणि नंतर आकाशासाठी चकती फिरवताना मीटरकडे पाहूच नये. माझ्या पहिल्या हिमालयवारीतला एक अख्खा रोल हे न कळल्यामुळे गेला होता.

फ्रेम ११ प्रामाणिक आहे, पण फिकी आहे. शिखरामागचे आकाश बऱ्यापैकी निळे आहे, मात्र दरीपलीकडच्या खालच्या उतारांवर निळसर धूसर पडदा आहे, आणि देवदारांच्या शेंड्यांवर उन्हाची पांढरी झाक असल्यामुळे त्यांचा हिरवा रंग दबलेला आहे. फ्रेम १२ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दचकले. पडदा गेला आहे, देवदार गर्द हिरवे झाले आहेत. पण शिखरावरचे आकाश निळे राहिलेलेच नाही, ते शाईचे, जवळजवळ काळे झाले आहे, आणि त्यापुढे डोंगर कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. उंचीवर आपल्या डोक्यावर हवाच कमी असते, त्यामुळे तिथले आकाश मुळातच गडद असते; जी हवा उरते ती स्वच्छ असल्याने तिच्या प्रकाशाचे ध्रुवणही जास्त असते. परभणीत ऑक्टोबरमध्ये पूर्ण फिरवलेल्या पोलरायझरने जे निळे मिळते, ते कल्प्यात पोलरायझर न लावताच जवळपास मिळालेले असते. त्यावर पुन्हा पूर्ण जोर लावला की निळे संपून काळे सुरू होते. स्लाइड फिल्मचा रंगांतला फरक वाढवण्याचा स्वभाव त्यात भर घालतो.

त्या स्लाइडमध्ये आणखी एक गोष्ट गेलेली आहे आणि तिची हानी मला आकाशापेक्षा मोठी वाटते. बागेच्या उतारावरचा बर्फ दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठल्यामुळे वरून काचेसारखा झाला होता, आणि दोन वाजताच्या उन्हात त्याच्यावर शेकडो बारीक ठिणग्या होत्या. फ्रेम ११ मध्ये लूपखाली, म्हणजे स्लाइड मोठी करून पाहायच्या छोट्या भिंगाखाली, त्या एकेक मोजता येतात. फ्रेम १२ मध्ये उतार पांढरा आहे, नीट उजळलेला आहे, पण त्यातल्या बऱ्याच ठिणग्या विझल्या आहेत आणि त्या जागी चुन्याची फक्की पसरल्यासारखे दिसते आहे. पाण्यावरची चकाकी काढली की तळ दिसतो. बर्फावरची चकाकी काढली तर खाली दिसण्यासारखे काहीच नसते. चकाकी हाच बर्फाचा जिवंतपणा आहे.

म्हणून फ्रेम १३. माझ्या पोलरायझरच्या कडेवर मी नेलपॉलिशचा एक पांढरा ठिपका दिलेला आहे. तो सूर्याच्या दिशेने आला की आकाशावरचा परिणाम सर्वांत जास्त असतो, आणि तिथून पाव फेरा, म्हणजे ९० अंश, फिरवला की सर्वांत कमी. माल्यूसच्या नियमानुसार अडवलेला भाग कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ४५ अंशांवर तो बरोबर निम्मा येतो. ठिपका सूर्याकडे आणून, तिथून ४५ अंश मागे घेऊन, मी ही फ्रेम घेतली. आकाश गडद निळे आहे आणि निळेच आहे. खालच्या उतारांवरचा पडदा बराच विरळ झाला आहे. बर्फावरच्या ठिणग्या सगळ्या नाहीत, पण पुरेशा आहेत. बागेच्या लाकडी कुंपणाला लागून तर एक अशी रेघ चमकते आहे की मला त्या दुपारच्या हवेचा गारवा आठवतो.

सूर्य खाली आला की हा प्रश्न थोडा निराळा होतो. बर्फाच्या सपाट, ओल्या पृष्ठभागावरून येणाऱ्या चकाकीचे ध्रुवण आडवे असते, आणि सूर्य मावळतीला असताना बाजूच्या आकाशाच्या प्रकाशाचे ध्रुवण उभे असते. अशा वेळी चकती ज्या जागी आकाश गडद करते त्या जागी ती जमिनीवरची चकाकी तशीच राहू देते, आणि चकाकी काढायला गेले की आकाश पुन्हा उजळते. संध्याकाळच्या या वेळेत मी आकाशाकडे निर्धास्तपणे थोडे जास्त फिरवते, कारण ठिणग्या सुरक्षित असतात. सूर्य डोक्यावर असताना मात्र दोन्ही एकाच जागी जातात, आणि तेव्हाच हात आवरायला हवा.

रुंद कोनाच्या भिंगाविषयी सांगितलेच पाहिजे. २४ मिलिमीटरच्या भिंगाचा कर्णावरचा कोन ८४ अंशांचा असतो. एवढ्या आकाशात ध्रुवण सगळीकडे सारखे असणे शक्यच नाही, म्हणून फोटोत एका बाजूला गडद पट्टा येतो आणि दोन्ही कडांना आकाश फिके पडते. संपूर्ण रांग एका चौकटीत बसवण्याच्या मोहाने मी एक्टारवर असे चार फोटो घेतले आणि चारही मला टाकून द्यावे लागले. रुंद भिंग लावले की मी आता पोलरायझर काढून ठेवते. शिवाय खाली यूव्ही फिल्टर ठेवून त्यावर पोलरायझर चढवला तर जाड कड्यांमुळे चौकटीचे चारही कोपरे काळे पडतात, तेव्हा एका वेळी एकच काच ठेवावी. डोंगर ८५ किंवा १०५ मिलिमीटरच्या भिंगातून तुकड्यातुकड्याने पाहावा, असे मला आता वाटते. एका कड्यावर पडलेले तिरके ऊन संपूर्ण रांगेपेक्षा जास्त सांगून जाते.

पोलरायझर लिनियर घ्यावा की सर्क्युलर, हे मला विद्यार्थीही विचारतात. सर्क्युलरमध्ये लिनियर पत्र्यामागे आणखी एक थर असतो, जो ध्रुवण झालेल्या प्रकाशाला पुन्हा गोल फिरता करून आत सोडतो. ऑटोफोकस कॅमेऱ्यांतल्या अर्धपारदर्शक आरशाची त्यामुळे फसगत होत नाही. एफएम२ मध्ये तसा आरसाच नाही, म्हणून मी जुना लिनियर वापरते. हाती आलेला फिल्टर कोणता आहे हे ओळखायचे असेल तर तो लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यासमोर धरून फिरवावा, मग उलटा करून पुन्हा फिरवावा. दोन्ही बाजूंनी काळा होत असेल तर लिनियर. एकाच बाजूने काळा होत असेल तर सर्क्युलर. आणि आमच्या उन्हाळ्यात तो बंद गाडीत कधीही ठेवू नये. उष्णतेने आतला पत्रा पिवळट पडतो आणि मग बर्फही पिवळट पडतो.

थंडीचा त्रास म्हणाल तर फार झाला नाही. सेल खिशात उबेला ठेवले होते, रोल पुढे-मागे करताना घाई केली नाही, आणि बाहेरून खोलीत येताना कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणत होते, म्हणजे दव पिशवीवर धरते, भिंगावर नाही. दादाने कॅमेऱ्याची पिशवी आणि माझे हातमोजे या दोन्हींची काळजी माझ्यापेक्षा जास्त घेतली.

खरा मनस्ताप परतल्यावर झाला. निगेटिव्ह मोठ्या शहरातल्या एका लॅबकडे धुवायला आणि स्कॅनला दिल्या होत्या. आलेल्या स्कॅनमध्ये सगळा बर्फ करडा आणि सावल्या गडद निळ्या होत्या. मी रडवेली झाले, कारण एक्टारला कमी उजेड दिला की असेच होते आणि चूक माझीच असेल असे मी धरून चालले होते. मग निगेटिव्ह मागवून लाइट टेबलावर ठेवली. बर्फाच्या जागी ती दाट होती, अगदी हवी तेवढी दाट. उजेड बरोबर होता. स्कॅन करणाऱ्या यंत्राने मीटरसारखाच विचार करून सगळ्या चौकटीची सरासरी करड्यावर आणली होती. काळी माती राखेसारखी छापली गेली होती तोच हा प्रकार, फक्त आता कॅमेऱ्याबाहेर. बर्फ पांढरा धरून, यंत्राची आपोआप होणारी दुरुस्ती बंद करून पुन्हा स्कॅन करा, असे लिहून रोल परत पाठवले, तेव्हा बर्फ पांढरा झाला. सावल्यांत निळी छटा राहिली, आणि ती राहायलाच हवी, कारण बर्फावरच्या सावलीत सूर्याचे नाही, निळ्या आकाशाचेच ऊन असते. ती पुसण्यासाठी ८१ए सारखा उबदार रंगाचा फिल्टर लावणारे लोक आहेत. मी अजून तरी तो वापरलेला नाही.

परवा या तीन स्लाइड घेऊन काकांकडे गेले. स्टुडिओ बंद होऊन आता सहा वर्षे झाली, डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, पण लूप त्यांनी अजून कपाटात जपून ठेवला आहे. त्यांनी तो काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, आणि तिन्ही स्लाइड कितीतरी वेळ पाहिल्या. मी काहीच सांगितले नव्हते. शेवटी फ्रेम १३ वर बोट ठेवून त्यांनी विचारले, “हिला किती दिलं व्हतंस?”

मी वही उघडून आकडे वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली आणि लूप पुन्हा त्याच चौकोनावर, कुंपणाजवळच्या त्या चमकत्या रेघेवर ठेवला.